चुना टाकूनही काळी माती परत फुगतेय? दुसऱ्यांदा चुना टाकण्याआधी हे तपासा

काळ्या चिकण मातीत चुना मिसळून बेस केला, वर कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक टाकले, पहिले काही महिने सगळं मस्त, आणि मग एक ओला सीझन गेला की परत तेच, फरशी उचललेली, जुन्या भेगा परत उघडलेल्या. असली कामं मी परत परत दुरुस्त केलीत आणि समोरच्याचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, अजून किती टक्के चुना टाकू? थांबा जरा. चुना कमी पडला असं होतं कधी कधी, पण कारणांच्या यादीत ते बरंच खाली येतं, आणि एका प्रकारच्या जमिनीत तर जास्त चुना टाकला की फुगवटा आणखी वाढतो. म्हणून स्वस्तातलं आधी आणि महागातलं नंतर, असंच खाली लिहिलंय.

लक्षणं आधी नीट बघा

सगळे फुगवटे सारखे नसतात आणि कुठे, कधी, कसं उचललं यावरून अर्धं कारण कळतं.

- कडा उचलल्यात आणि मधला भाग तसाच आहे: पाणी बाजूने आत शिरतंय. कोरड्या दिवसांत याच कडा खाली बसतात.
- मधे हळूहळू घुमटासारखं फुगलंय: झाकलेल्या जमिनीतली ओल वर उडून जाऊ शकत नाही, ती साठत जाते आणि खालची माती फुगते. याला वेळ लागतो, कधी काही वर्षं.
- एकाच ठिकाणी टेंगूळ: खाली गळका पाइप, नाहीतर त्या जागी चुना पोचलाच नाही.
- फुगत नाही, पण ओलं झालं की मऊ पडतं, चाक रुततं: चुना मेलेला होता (हवा लागून निकामी झालेला) किंवा ढेकळं तशीच राहिली.
- वरचा पापुद्रा सुटतो, भुकटी होते, खाली मात्र घट्ट: वरचा थर ओला ठेवला गेला नाही, एवढंच. याला घाबरायचं कारण नाही.
- चुना टाकायच्या आधी होतं त्यापेक्षा जास्त उचललंय, वेडेवाकडे उंचवटे आलेत, आणि तेही पाणी लागल्यावर थोड्याच काळात: इथे सरळ शेवटच्या तपासणीकडे जा आणि चुन्याच्या गोणीला हात लावू नका.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा. फुकटचं काम आहे, पण पुढे कोणालाही बोलावलंत तर पहिला प्रश्न हाच येणार की भेग वाढतेय की थांबलीय.

चुना करतो काय, हे दोन ओळीत

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या पातळ पापुद्र्यांच्या मधे पाणी घुसतं आणि माती फुगते. चुन्यातला कॅल्शियम त्या पापुद्र्यांवर जाऊन बसला की कण एकमेकांना धरून गोळा होतात, चिकटपणा जातो, माती भुसभुशीत होते, आणि हे काही तासांत ते एकदोन दिवसांत होतं. खरी ताकद नंतर येते. चुना भरपूर असेल आणि पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) १२.४ च्या आसपास टिकला तर मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना विरघळून सिमेंटसारखे बंध तयार होतात, याला आठवडे, महिने लागतात आणि ओल लागते, ऊब लागते. लोक पहिला परिणाम बघून खुश होतात आणि दुसरा व्हायच्या आधीच काम उरकतात, बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं.

१. पाणी कुठून येतंय ते शोधा (खर्च शून्य)

जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पाणी कुठे जातंय ते बघा. छताच्या पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतंय का, नळाजवळ कायम ओल आहे का, बागेला दिलेलं पाणी पायाकडे वाहतंय का, गटाराचा चेंबर पाझरतोय का. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर उतार बाहेरच्या बाजूला हवा. पाणी बंद करून मीटर बघा, काटा हलतोय म्हणजे कुठेतरी गळतंय.

हे पहिलं का, तर काळी माती नुसती ओली असल्याने त्रास देत नाही, ती ओली-कोरडी-ओली होत राहते त्याने त्रास होतो. ओल बारा महिने एकसारखी राहिली तर चुना नसलेली मातीसुद्धा बऱ्यापैकी गप्प बसते. आणि उलट, उत्तम चुना मारलेला थर आहे पण खाली पाइप गळतोय, तर तो थर बिचारा काय करणार. मोठ्या झाडाचंही बघा, झाड मुळांनी पाणी ओढतं, माती आक्रसते आणि जमीन बसते, मग कोणीतरी ते झाड तोडतं आणि पुढची काही वर्षं तीच माती पाणी पिऊन परत वर येत राहते. घराजवळचं जुनं झाड अचानक तोडू नका म्हणतात ते उगाच नाही.

इथेच गळती सापडली तर ती दुरुस्त करा आणि एक पूर्ण ओला आणि एक पूर्ण कोरडा सीझन जाऊ द्या, मगच बाकीचं.

२. गोणीत नक्की काय होतं

चुना म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला, पाणी लागलं की तापणारा. विरवलेला चुना, म्हणजे फक्की. आणि चुनखडीची नुसती दळलेली पूड, जी आम्लयुक्त शेतजमिनीत टाकतात. तिसरी पूड मातीच्या फुगण्यावर काहीच काम करत नाही, कितीही टाका. दिसायला तिन्ही पांढरे, त्यामुळे घोटाळा फार सहज होतो.

फक्कीची तपासणी सोपी. चमचाभर फक्की पाण्यात कालवून घ्या आणि वर साधं व्हिनेगर ओता. जोरात फेस आला तर त्यातला बराच माल चुनखडी आहे, एकतर मुळातच, नाहीतर उघड्यावर पडून हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन परत चुनखडी झालाय. ताजी फक्की किंचित बुडबुडे देते, फसफसत नाही. हा प्रयोग गोणीतल्या मालावरच करा, जमिनीतल्या मातीवर नाही, कारण काळ्या मातीत मुळातच चुनखडीचे खडे असतात आणि ते व्हिनेगरने फसफसणारच.

कळीच्या चुन्याचं वेगळं. लोखंडी बादलीत (प्लॅस्टिकची नको) थोडं पाणी घ्या, त्यात लिंबाएवढा खडा टाका आणि लांब व्हा. काही मिनिटांत सूं सूं आवाज करत, वाफा काढत फुटून त्याची भुकटी झाली तर माल जिवंत आहे. कोमट होऊन तसाच पडून राहिला तर कच्चा भाजलेला, जास्त भाजलेला किंवा शिळा. डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे घातल्याशिवाय हे करायचं नाही, चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, गेलाच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. अनवाणी पायाने चुना तुडवणारे लोक अजून दिसतात, त्यांना आधी बूट द्या.

३. खड्डा खणा आणि डोळ्याने बघा

पहार, फावडं आणि अर्धा दिवस. जिथे उचललंय तिथे एक आणि जिथे व्यवस्थित आहे तिथे एक, असे दोन खड्डे घ्या, चुन्याच्या थराच्या खालपर्यंत. दोन्हींची तुलना केल्याशिवाय काही कळत नाही, हे मी मुद्दाम सांगतोय कारण सगळे फक्त बिघडलेल्या जागी खणतात.

काय बघायचं? थर खरंच १५ सेंटिमीटर आहे की कुठे ७-८ वरच संपलाय. रोटाव्हेटरने मिसळताना खोली कमीजास्त होते, वळणाच्या जागी, भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात तर यंत्र पोचतच नाही आणि तिथे फावड्याने वरवर मिसळलेलं असतं. मग ढेकळं बघा. एक ढेकूळ हाताने फोडा, बाहेर राखाडी आणि आत कुळकुळीत काळं, तुकतुकीत दिसलं तर चुना आत गेलेलाच नाही, नुसता बाहेरून माखलाय. अशी ढेकळं पाणी मिळालं की आतून फुगतात आणि सगळा थर सैल करतात. रोलरच्या आधी सगळा माल २५ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि निदान ६० टक्के माल ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा (मातीत मुळातले दगडगोटे असतील तर ते सोडून), हा नेहमीचा नियम आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जाणाराही हाच.

फिनॉल्फथॅलिनचं द्रावण (अल्क असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) मिळालं तर खड्ड्याच्या ताज्या कापलेल्या बाजूवर फवारा. चुना जिवंत असेल तिथे गडद गुलाबी होतं. काळ्या मातीवर रंग पटकन ओळखू येत नाही, पांढरा टिश्यू दाबून बघा. यातून चुना आहे की नाही एवढंच कळतं, पुरेसा आहे का ते कळत नाही, कारण पीएच १० झाला तरी रंग येतो आणि आपल्याला १२ च्या वर हवाय. शिवाय जुन्या कामात चुना मातीशी बांधला जाऊन संपलेला असतो, रंग येत नाही पण थर दगडासारखा घट्ट असतो. म्हणून पुढची तपासणी सोबत कराच.

४. ढेकूळ पाण्यात टाका

ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट, कारण खर्च दोन बरण्यांचा. चुन्याच्या थरातून मुठीएवढा घट्ट तुकडा काढा, आणि खालून चुना नसलेल्या मातीचा तेवढाच तुकडा. दोन्ही सावलीत सुकवा आणि पाण्यात ठेवून रात्रभर सोडा. साधी काळी माती विरघळून तळाशी चिखल होऊन बसते. चुन्याचा तुकडा आकार धरून राहिला, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं, तर चुन्याने आपलं काम केलंय आणि तुमचा प्रॉब्लेम थराच्या खाली आहे, सरळ ७ वर जा. अर्धवट ढासळला तर मिसळणी किंवा प्रमाण कमी पडलंय. पूर्ण चिखल झाला तर तिथे चुना होता असं समजूच नका.

५. प्रमाणाचा हिशोब परत मांडा

चुना वजनाने मोजायचा, आणि तोही मातीच्या कोरड्या वजनावर. पाट्यांवर मोजलेलं प्रमाण हमखास चुकतं कारण फक्की मातीपेक्षा कितीतरी हलकी असते, एक पाटी फक्की आणि एक पाटी माती यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडतो.

साधा हिशोब: १५ सेंटिमीटर दाबलेला थर, कोरडी घनता १५०० किलो प्रति घनमीटर धरली तर १ चौरस मीटरखाली २२५ किलो माती. ५ टक्के म्हणजे ११.२५ किलो फक्की. कळीचा चुना असेल तर ८.५ किलो पुरे, कारण १ किलो शुद्ध कळीच्या चुन्याची विरवल्यावर १.३२ किलो फक्की होते. आणि मालाची शुद्धता ८० टक्केच असेल तर फक्की ११ नाही, १४ किलो लागेल. आता तुमच्या गोण्या मोजा, एकूण क्षेत्रफळाने भागा आणि बघा आकडा जुळतोय का.

किती टक्के हवा हे माती ठरवते. २-३ टक्क्यांत चिकटपणा जातो, पण कायमच्या ताकदीसाठी साधारण ४ ते ८ टक्के लागतात. नक्की आकडा काढायला ईड्स आणि ग्रिम या दोघांनी १९६६ साली मांडलेली पीएच टेस्ट आहे, बारीक चाळलेली २५ ग्रॅम कोरडी माती, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, वेगवेगळ्या बाटल्यांत २, ३, ४, ५, ६ टक्के चुना, अधूनमधून हलवत तासभर ठेवायचं आणि ज्या सगळ्यात कमी टक्क्याला पीएच १२.४ येतो तो तुमचा आकडा. कागदी पट्टीने हे होत नाही, चांगला मीटर लागतो. आणि १२.४ आला म्हणजे ताकद येईलच अशी हमी नाही, काही मातींत येत नाही, त्यासाठी लॅबमध्ये नमुने दाबून तोडून बघावे लागतात.

६. पाणी, मुरवण, दबाई

हे झालेल्या कामावर तपासणं अवघड, काम करणाऱ्याला विचारूनच कळतं, म्हणून खोलात विचारा.

मिसळल्यावर किती दिवस मुरू दिलं? जड चिकण मातीला १ ते ३ दिवस हलका रोलर मारून झाकून ओलसर ठेवायचं, मग परत मिसळायचं, मग शेवटची दबाई. सकाळी चुना टाकून संध्याकाळी रोलर मारला असेल तर ढेकळं फुटायला वेळच मिळाला नाही. पण आठवडेच्या आठवडे उघडं ठेवलं तरी चुना हवेने मरतो, तेही नको.

पाणी किती मारलं? चुना टाकला की मातीला दबाईसाठी लागणारं पाणी वाढतं आणि जास्तीत जास्त घनता कमी होते. त्यामुळे कच्च्या मातीचा प्रॉक्टर रिपोर्ट (किती पाण्याला माती जास्तीत जास्त किती दाबली जाते ते सांगणारी लॅब टेस्ट) हातात धरून चुन्याच्या थराची दबाई तपासली की चांगलं कामसुद्धा नापास दिसतं, मग लोक रोलर मारत सुटतात आणि तयार होऊ लागलेले बंध मोडतात. प्रॉक्टर चुना मिसळलेल्या मातीचाच हवा. कळीचा चुना वापरला असेल तर तो स्वतः विरायला आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पितो, वर वाफेत जातं ते वेगळंच.

नंतर निदान ७ दिवस थर ओलसर ठेवला का? थंडी किती होती? ५ अंशांच्या खाली ही प्रक्रिया जवळपास थांबते, ऊब आली की परत सुरू होते.

७. चुन्याच्या खालची माती

पाण्यातल्या टेस्टमध्ये चुन्याचा तुकडा पास झाला असेल तर बहुधा कारण हेच. ओल वर्षभरात जिथपर्यंत कमीजास्त होते तो पट्टा साधारण १.५ ते ३.५ मीटर खोल असतो आणि आपण वरच्या १५-३० सेंटिमीटरला चुना मारतो, म्हणजे फुगणाऱ्या गादीवर पाट ठेवल्यासारखं, पाट मोडत नाही पण वरखाली होतोच. रस्त्याला, पार्किंगला, अंगणाला हे चालून जातं. घराच्या पायाला नाही.

भोकं पाडून त्यात चुना ओतायचा सल्ला खूप जण देतात. अखंड चिकण मातीत चुना आपणहून फार लांब सरकत नाही, भोकाच्या आजूबाजूला थोडासाच. भेगा भरपूर असतील तर भेगांमधून जातो, तेवढाच. मी यावर पैसे घालवू नका म्हणेन. माती काढून वाळू भरणं तर त्याहून वाईट, वाळूत पाणी साठून राहतं आणि खालच्या काळ्या मातीला निवांत पाजत बसतं. भरायचंच तर न फुगणारी पण पाणी अडवणारी माती, चिकट मुरूम वगैरे, थराथराने दाबून. किती जाड, हे मातीचा फुगण्याचा दाब मोजल्याशिवाय कोणी सांगू नये.

८. सल्फेट

मातीत जिप्सम (सल्फेट असलेलं एक मऊ खनिज) असेल तर चुना, मातीतली अॅल्युमिना, सल्फेट आणि पाणी मिळून एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक बनतात, ते स्वतःत भरपूर पाणी धरतात आणि अख्खा थर उचलतात. अमेरिकेत लास वेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यूवर चुना मारलेला रस्ता असाच उचलला होता, जेम्स मिचेल यांनी १९८६ साली त्यावर सविस्तर लिहिल्यावर सगळे सल्फेट मोजायला लागले.

घरच्या घरी अंदाज: खड्ड्याच्या भिंतीत चमकणारे पापुद्रे किंवा पांढरे स्फटिक दिसले तर एक उचला. नखाने ओरखडा पडतो आणि व्हिनेगरने फसफसत नाही, तर जिप्समचा संशय घ्या. नखाने काही होत नाही आणि फसफसतं, तर ते चुनखडीचे खडे, त्यांचा त्रास नाही. जमीन पूर्वी शेतीची असेल आणि क्षारपड म्हणून जिप्सम टाकलं असेल तर तेही विचारून घ्या. न दिसणारं सल्फेट लॅबमध्येच कळतं, आणि ते जमिनीत ठिगळांसारखं असतं म्हणून एका नमुन्यावर भागत नाही. ३००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३०००) खाली धोका कमी, त्याच्या वर जास्त पाणी आणि जास्त मुरवण देऊन जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच, ८००० च्या वर चुना विसरा. सिमेंटमध्येही कॅल्शियमच असतं, त्यामुळे चुन्याऐवजी सिमेंट ही पळवाट इथे चालत नाही.

इथे थांबा आणि जिओटेक्निकल (माती आणि पाया तपासणाऱ्या) इंजिनिअरला बोलवा

अंगण, पायवाट, पार्किंग इथपर्यंत वरचं सगळं स्वतः करण्यासारखं आहे. पण भिंतीत जिन्यासारख्या तिरक्या भेगा असतील, भेग ५ मिलिमीटरहून रुंद असेल किंवा तुमच्या पेन्सिलीच्या खुणेपुढे सरकत असेल, दारं-खिडक्या अडकायला लागल्या असतील, कॉलम किंवा बीमला भेग असेल, तर पुढे काहीही खणू नका. पायाला लागून खड्डा घेणं तर अजिबात नको. उतारावर किंवा रिटेनिंग वॉलच्या मागे माती सरकतेय असं वाटलं, सल्फेटची शंका आली, किंवा दोनदा चुना टाकून तिसऱ्यांदा उचललं, तरीही तेच. इमारतीला बहुतेक वेळा चुना हा उपायच नसतो, पाया हलत्या पट्ट्याच्या खाली न्यावा लागतो, अंडर रीम्ड पाइल (बुडाशी फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) वगैरे, आणि ते डिझाइनचं काम आहे.

बोलावताना तयारी ठेवा: दोन्ही खड्ड्यांचे फोटो शेजारी टेप धरून, भेगांच्या तारखा, गोणीवरचं लेबल, गोण्यांची संख्या आणि क्षेत्रफळ, आणि प्रत्येक खोलीवरची किलो-दोन किलो माती वेगवेगळ्या बंद पिशव्यांत, पिशवीवर खोली लिहून. ओलीच बंद करा, सुकवू नका, त्यांना मातीतली मूळ ओल मोजायची असते.